कुकरला दोन रिंगा

मैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारूनच सुरुवात करते. समजा, कुकरच्या झाकणातली जुनी रिंग काढायची तुम्ही विसरलात आणि तिच्यावरच नवी रिंग दाबून बसवलीत, तर काय होईल? तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय! असं कोण करतं का?"

मी केलं. कुकरला नाही, आमच्या गाडीच्या इंजिनाला. आणि ते मला कळलं कुठे, तर पसरणीच्या घाटात, ऐन वळणावर. मागच्या सीटवर मसाल्याची खोकी आणि शेजारी सासूबाई! झाल्या प्रकाराला आता वर्ष होऊन गेलं, तरी आठवलं की हाताला घाम सुटतो. पण झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेलं बरं. न जाणो, तुमच्यापैकी कुणाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला उपयोग होईल.

आम्ही वाईचे. माझा घरगुती मसाल्यांचा आणि भाजणीचा छोटासा व्यवसाय आहे. आठवड्यातून दोनदा पाचगणीच्या दुकानांना माल पोचवायचा असतो. त्यासाठी आम्ही एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतली. हे नोकरीनिमित्त पुण्याला, शनिवार-रविवारचे घरी. त्यामुळे गाडीची जबाबदारी माझ्याकडेच. गॅरेजला गाडी टाकली की अख्खा दिवस जातो, माल पडून राहतो आणि मजुरी जाते ती वेगळीच.

आणि मी काही अगदीच अनभिज्ञ नव्हते बरं का! माझे वडील, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. लहानपणी घरच्या स्कूटरचं काम निघालं की बॅटरी धरायला मीच. भाऊ होता, पण त्याचं लक्ष सगळं बाहेरच्या क्रिकेटकडे. अण्णा म्हणायचे, "ही बॅटरी हलवत नाही, म्हणून हिला बोलावतो." पाने, आटे, वायसर हे शब्द माझ्या कानावर पाढ्यांइतकेच लवकर पडले. त्यामुळे गाडीचं ऑइल आणि फिल्टर घरीच बदलायचं मी ठरवलं, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. तीनदा बदललंही, व्यवस्थित. चौथ्यांदा नडलं. आत्मविश्वास वाढला की नजर कमी होते, ती अशी.

आता ज्यांना हे प्रकरण नवीन आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनातलं ऑइल म्हणजे गाडीचं रक्त. ते सगळ्या फिरत्या भागांतून सतत खेळत असतं आणि वाटेत एका गाळणीतून जातं. ही गाळणी म्हणजे ऑइल फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो पत्र्याच्या डब्यासारखा दिसतो, आत घड्या घातलेला गाळण-कागद असतो. बरणीला झाकण लावावं तसा हा डबा इंजिनाला आट्यांवर फिरवून बसवतात. डब्याच्या तोंडाशी एक काळी रबरी रिंग असते. ऑइल बाहेर न येण्याची सगळी भिस्त त्या रिंगवर!

ही रिंग किती दाब सोसते, माहीत आहे? आपल्या छोट्या गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३३ पाउंड हवा असते. इंजिन थंड असताना चालू केलं, की ऑइलचा दाब त्याच्या दुप्पटही होऊ शकतो. बोटभर जाडीचीही नसलेली ती रिंग एवढा दाब अडवून धरते. फक्त तिला बसायला स्वच्छ, सपाट जागा लागते.

तर तो शनिवार. जानेवारी महिना, दिवस लहान. दुपारी करायचं काम पाहुणे आल्यामुळे संध्याकाळवर गेलं. गाडी घोड्यांवर चढवली, ऑइल काढलं. फिल्टर चांगलाच घट्ट बसला होता, फिल्टर पाना लावून कसाबसा सुटला. तोपर्यंत अंधारलं होतं. लेक मोबाइलची बॅटरी धरून उभी होती, पण तिचं निम्मं लक्ष मेसेजकडे. मी चिंधीने घाईघाईने पुसल्यासारखं केलं, नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने ऑइल लावलं आणि बसवून टाकला. ऑइल भरलं, इंजिन चालू केलं. लाल दिवा लागला आणि विझला. "झालं!" म्हणून अर्ध्या मिनिटात बंद केलं, हात धुतले आणि पोळ्या लाटायला गेले. खाली वाकून काही मी पाहिलं नाही. म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी कुठलं बघायला! रविवारी माल द्यायचा होता आणि सासूबाईंना पाचगणीला त्यांच्या बहिणीकडे सोडायचं होतं. ढोल्या गणपतीला नमस्कार करून आम्ही निघालो. स्ट्रॉबेरीचा मोसम, त्यात रविवार, त्यामुळे घाटात गाड्यांची रांग. चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी करपल्यासारखा वास येतोय गं." मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. दोन वळणं गेली आणि समोर लाल दिवा लागला, तो जुन्या तेलाच्या झारीसारखं चित्र असलेला.

अण्णांचा एक नियम डोक्यात पक्का बसलेला होता. "तो दिवा लागला, की घर दोन मिनिटांवर असलं तरी गाडी बंद. पुढे न्यायची नाही." मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. उतरून मागे पाहिलं, तर रस्त्यावर काळी, चकचकीत रेघ! आमच्या मागोमाग वळण घेत आलेली. गाडीखाली तर नुसती धार लागलेली, सायलेन्सरच्या पाइपावर थेंब पडून धूर निघत होता.

मी गाडीकडे बघत असतानाच मागून एका मोटारसायकलवर दोन मुलं आली. वळणावर त्यांचं चाक त्या रेघेवर गेलं आणि गाडी सरकली. चालवणाऱ्याने कसाबसा पाय टेकवला. दरीच्या बाजूचा कठडा हातभर अंतरावर होता. ती मुलं सावरली, हसली आणि निघूनही गेली. पण मी मात्र होते तिथेच खाली बसले. वीस-बावीस वर्षांची पोरं ती. घरी कुणीतरी त्यांची वाट बघत असणार. इंजिन गेलं असतं तर कर्ज काढून दुसरं बसवलं असतं. पण हे? हे कशाने भरून आलं असतं?

तेवढ्यात मागे एसटी थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून पाहिलं आणि एका क्षणात ओळखलं. "ताई, आधी तेल झाका. गाडी मग बघू." कंडक्टर उतरले, दोन-तीन प्रवासी उतरले. कडेची माती ओंजळी-ओंजळीने आणून सगळ्यांनी त्या रेघेवर पसरली. एकाने झाडाची फांदी तोडून वळणाआधी ठेवली. सासूबाईसुद्धा पदर खोचून माती टाकत होत्या. पाच-सात मिनिटांचं काम, पण ते मला सुचलं नव्हतं. त्या माणसांची नावंही मी विचारली नाहीत, याची चुटपुट अजून आहे.

फोन केल्यावर वाईहून ओळखीचे मिस्त्री मोटारसायकलवर आले. सोबत तीन लिटर ऑइल आणि नवा फिल्टर. आधी इंजिन निवू दिलं, मग त्यांनी आडवं होऊन फिल्टर सोडवला आणि माझ्या हातात दिला. तोंडाशी त्याची स्वतःची रिंग होती, एका बाजूने चेपून बाहेर आलेली. मग त्यांनी इंजिनाच्या बाजूने नखाने खरवडून आणखी एक रिंग काढली. जुनी, चपटी, कडक झालेली. दोन बांगड्यांसारख्या दोन्ही रिंगा माझ्या तळहातावर. जुना फिल्टर निघाला होता, पण त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. मी तिच्यावरच नवा फिल्टर बसवला होता.

दगडावर बसलेल्या सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई! हे तर कुकरला दोन रिंगा लावल्यासारखं झालं!"

मिस्त्री हसले. म्हणाले, "आई, बरोबर बोललात. गाडी जागेवर हळू चालू असते तोवर दम धरते. घाटात इंजिनाने जोर लावला, की वरची रिंग सटकते." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "ताई, एवढं मनावर घेऊ नका. शिकत होतो तेव्हा माझ्याकडूनही झालंय. उस्तादांनी कानफटात दिली होती."

नशीब असं, की दिवा लागताक्षणी गाडी बंद केल्यामुळे इंजिन वाचलं. नवं ऑइल भरून, गाडीखाली दोनदा बघून आम्ही हळूहळू घरी परतलो. अंगणात गाडी जिथे रात्रभर उभी होती, तिथे तळहाताएवढा काळा डाग होता. सकाळी निघताना एकदा खाली पाहिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

शेजारचे काका फाटकाशी उभे होतेच. "तरी मी म्हणत होतो, ही बायकांची कामं नव्हेत," म्हणाले. मी काही बोलले नाही. बोलायची सोय नव्हती. रात्री अण्णांना फोन केला. वाटलं, रागावतील. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं, "गाडीखाली कागद घातला होतास का?"

नव्हता घातला. वर्कशॉपची ती साधी सवय, मी लहानपणी शंभरदा पाहिलेली. काम झालं की गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं आणि सकाळी वाचायचं, बातम्या नव्हे, डाग! कागद कोरा, तर काम पुरं.

त्यानंतर मी ऑइल बदलणं सोडलं नाही. पण करण्याची पद्धत बदलली. अंधारात आणि पाहुणे घरात असताना तर मुळीच नाही. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडणी आणि खाली जाण्याआधी मजबूत घोड्या लावलेल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एक मिनिटासाठीही जायचं नाही, हे तर अण्णांनी शपथेवर सांगितलेलं. इंजिन थोडंसं कोमट असावं, म्हणजे ऑइल सरसर उतरतं. लांबून आल्या आल्या मात्र हात लावू नये, भाजतं.

जुना फिल्टर सुटला, की पहिलं काम म्हणजे तो उलटा करून तोंड बघायचं. रिंग आहे ना त्याच्यावर? नसेल, तर ती इंजिनालाच चिकटली आहे. काळ्यावर काळी, त्यात ऑइलने माखलेली, नुसत्या नजरेला दिसत नाही. म्हणून बसकीवरून बोट फिरवून बघायचं आणि स्वच्छ चिंधीने पुसायचं. चिंधी सुती घ्या, पण दोरे सुटणारी नको. मी तर आता जुनी रिंग हातात मिळाल्याशिवाय नवा फिल्टर खोक्यातून काढतच नाही.

नवा फिल्टर आपल्याच गाडीचा आहे ना, हे नंबर जुळवून बघावं. दुकानदार "चालतंय" म्हणाला तरी आटे आणि रिंगचा आकार जुळलाच पाहिजे. रिंगला नव्या ऑइलचं बोट फिरवावं. कोरडी रिंग फिरवताना मुरडते आणि तिथूनच पुढे पाझरते. फिल्टर हातानेच फिरवत न्यावा. सुरुवातीलाच अडला तर जोर न करता मागे घ्यावा, आटे वाकडे लागले असतील. रिंग टेकल्याचं हाताला कळतं, तिथून पुढे बहुतेक फिल्टरना पाऊण फेरा पुरतो. नेमकं किती, हे फिल्टरवर किंवा खोक्यावर छापलेलं असतं. पान्याने आवळू नये. आपल्याला वाटतं जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित. पण जास्त आवळलं की रिंग चेपते आणि पुढच्या वेळी फिल्टर निघता निघत नाही. माझी जुनी रिंग चिकटून बसली, त्याचं एक कारण तेही असणार. त्याआधीच्या वेळी मी पान्याने "थोडंसं अजून" केलं होतं ना!

दुसरी जागा म्हणजे चेंबरच्या तळाचा बोल्ट, जिथून जुनं ऑइल काढतो तो. त्याला तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं वायसर असतं. ते एकदा दबलं की दबलं. दर वेळी नवं घालावं. दहा-वीस रुपयांच्या वायसरवर केलेली बचत अंगणात ठिबकत राहते. हा बोल्टही आधी हाताने, मग पान्याने बेताने. पान्याच्या दांड्याला पाइप घालून जोर लावला तर चेंबरचे आटे जातात आणि मग गॅरेजची पायरी चुकत नाही.

काही गाड्यांत पत्र्याचा डबा नसतो. झाकणाच्या आत नुसता कागदी फिल्टर असतो. तिथे झाकणाची गोल रिंग नव्या फिल्टरबरोबर मिळते. ती न चुकता बदलायची, जुनी काढून आणि त्याच खाचेत. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र घरी हात घालण्याआधी अटी वाचाव्यात.

ऑइल नरसाळ्याने भरावं. एकदम सगळं न ओतता थोडं राखून, डिपस्टिक बघत. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेपर्यंत. वर गेलं तर तेही वाईट, जास्तीचं ऑइल फेसाळतं आणि कुठल्या तरी सीलमधून वाट काढतं. मग इंजिन चालू करून, एक्सलेटर न दाबता दोन-तीन मिनिटं तसंच ठेवावं. लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद. इंजिन चालू असताना फिल्टरकडे आणि बोल्टकडे बॅटरी मारून बाहेरूनच बघावं. बंद करून पाच मिनिटांनी परत डिपस्टिक बघावी, कारण नव्या फिल्टरमध्येही थोडं ऑइल शिरतं.

आता समजा, कागदावर डाग दिसलाच. घाबरू नका. कधी कधी ते फिल्टर काढताना सांडलेलं, कोपऱ्यात साठलेलं ऑइल असतं. म्हणून काम झाल्यावर फिल्टर, बोल्ट आणि आजूबाजूचं सगळं पुसून कोरडं करावं. तरी डाग आला, तर पुन्हा पुसून त्या भागावर आपली अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करावं. जिथून गळतंय तिथे पांढऱ्या पावडरीत ओली काळी रेघ उठते. फिल्टरची रिंग की बोल्टचं वायसर, ते तिथल्या तिथे कळतं. आमच्या मिस्त्रींनाही ही युक्ती ठाऊक होती. त्यांच्या पेटीत गुलाबाच्या वासाचा डबा निघाला!

जुन्या ऑइलचंही सांगायला हवं. आपल्याकडे जळकं ऑइल दाराच्या चौकटींना लावतात, कुंपणाच्या खांबांना फासतात, नाहीतर सरळ गटारात ओततात. असं करू नका. वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात धरलं जातं. ते वारंवार कातडीला लागणं चांगलं नाही, मातीत आणि पाण्यात तर नाहीच नाही. हातमोजे घालावेत, ऑइल डब्यात भरून झाकण लावावं आणि ते गोळा करून पुढे देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यावं.

परवा पुन्हा ऑइल बदललं. रविवारी सकाळी, लख्ख उन्हात. बॅटरी धरायला या वेळी लेक नाही, सासूबाई बसल्या होत्या पाटावर. जुना फिल्टर निघाल्याबरोबर म्हणाल्या, "रिंग दाखव आधी." दाखवली. मगच नवा फिल्टर हातात दिला. रात्री गाडीखाली ही आपली पुरवणीच पसरली, वाचून झाल्यावर बरं का! सकाळी मी उठायच्या आत त्या अंगणात जाऊन आल्या होत्या. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "कोरा आहे. जा आता पाचगणीला."

गाडी बाहेर काढण्याआधी

• जुन्या फिल्टरची रिंग हातात आली का? बसकीवरून बोट फिरवलं का?
• नव्या रिंगला ऑइल लावलं का? फिल्टर हातानेच आवळला ना?
• चेंबरच्या बोल्टला नवं वायसर घातलं का?
• सांडलेलं सगळं पुसलं का? डिपस्टिक दोनदा बघितली का?
• इंजिन चालवून खाली पाहिलं का? रात्रभर कागद पसरला का?
• पहिल्या छोट्या फेरीनंतर पुन्हा खाली पाहायचं, डिपस्टिकही बघायची. घाट त्यानंतर.
• वाटेत लाल दिवा लागला तर गाडी कडेला, इंजिन बंद. रस्त्यावर ऑइल सांडलं असेल तर मागची वाहनं सांभाळून आधी त्यावर माती.